काळी चार, पांढरी एक: नागपुरात सर्वांसाठी शास्त्रीय मैफल उभी करताना

आमची संस्था लहान आहे. स्वतःचं सभागृह नाही, ध्वनिव्यवस्था भाड्याची, आणि राबणारी माणसं दिवसभर आपापल्या नोकऱ्या सांभाळून येणारी. तरी एकाच बैठकीत ख्याल, दक्षिणेकडचं कर्नाटक गायन आणि पाश्चात्त्य तंतुवाद्यं आणायची आमची धडपड असते. तबल्यावर बाई असेल, गायक अंध असेल, समोर व्हीलचेअरवरचा श्रोता असेल, कमी ऐकू येणारा असेल, आयुष्यात पहिल्यांदा राग ऐकणाराही असेल. पत्रिकेवर ‘सर्वसमावेशक’ छापायला काहीच लागत नाही. तारीख, सूर आणि पैसे या तीन गोष्टी ठरतात तेव्हाच मैफल कोणाची हे ठरून जातं. त्यानंतर वरून जोडलेलं बहुतेक ऐनवेळी गळून पडतं, हे आम्ही पुन्हापुन्हा पाहिलं आहे.

नागपुरात या मिश्रणासाठी फार लांब जावं लागत नाही. १८२१ पासूनची कामठीची लष्करी छावणी आणि १८८७ मध्ये स्थापन झालेली बंगाल नागपूर रेल्वे यांच्यासोबत तमिळ, तेलुगू, बंगाली कुटुंबं इथे आली आणि राहिली. वीणा, व्हायोलिन, चर्चमधलं समूहगायन हे सगळं शहरात आहेच. फक्त एका रंगमंचावर क्वचित भेटतं. मूर्तिजापूरला जन्मलेले वसंतराव देशपांडेही नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकले आणि पुढे वेगवेगळ्या घराण्यांचं घेत गेले. त्यांच्या नावाच्या सिव्हिल लाइन्समधल्या सभागृहात एकाच घराण्याचा हट्ट धरून बसणं म्हणूनच जरा गमतीचं वाटतं.

तारखेपासून सुरुवात. १४ ऑक्टोबर आणि अशोक विजयादशमी, म्हणजे धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आगेमागे मैफल ठेवायची नाही. आमचे कितीतरी श्रोते आणि कलाकार त्या दिवसांत दीक्षाभूमीवर असतात, आणि राहाटे कॉलनी, लक्ष्मीनगरकडचे रस्तेही गर्दीने भरलेले असतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक आणि तान्हा पोळा, म्हणजे महाल-इतवारीतून वाद्य घेऊन निघालेला रिक्षा वेळेवर पोहोचत नाही. रमजानमध्ये सायंकाळची मैफल ठेवली तर सारंगीवाल्याला रोजा सोडायच्या वेळीच साउंड चेकला बसवावं लागतं. त्या महिन्यात सकाळ घ्यावी. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन असलं की सिव्हिल लाइन्समध्ये बंदोबस्त, हॉटेलच्या खोल्या महाग आणि गाड्या लांब उभ्या. मे महिन्याचा विचारच नको, ४५ अंशांत लाकूडही तडकतं.

वेळेबद्दल आमचं मत ठाम आहे: रविवारी सकाळी १० वाजता. संध्याकाळी साडेसहाला सुरू झालेली मैफल दहापर्यंत रेंगाळते, मेट्रोही त्याच सुमारास थांबते, आणि एकट्याने येणाऱ्या बाया, वयस्कर माणसं, मदतनीस घेऊन येणारे श्रोते मध्यंतरालाच उठतात. सकाळी ही अडचण राहत नाही. शिवाय तोडी, जौनपुरी, देसी आणि उन्हं चढल्यावर सारंग हे राग, जे संध्याकाळच्या मैफलींमुळे कानावर पडेनासे झालेत, ते ऐकायला मिळतात. सकाळच्या मैफलीत तर्री-पोहे ठेवावेतच, फक्त बैठकीवर पांढरी चादर अंथरण्याआधी ते आटोपावेत. परवानगीचा भाग थोडक्यात: रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धकाला बंदी आहे, बंदिस्त सभागृहाला त्यात सूट मिळते, लॉनवरच्या कार्यक्रमाला मिळत नाही.

सभागृह पाहायला जाताना मोजपट्टी सोबत न्यावी. ‘रॅम्प आहे’ एवढं उत्तर पुरत नाही. सुरक्षित चढ १:१२ धरतात, म्हणजे १ फूट उंचीला १२ फूट लांबी. बहुतेक रंगमंच जमिनीपासून ३ फूट तरी उंच. त्याला ३६ फुटी रॅम्प लागेल आणि तो विंगेत मावणारच नाही. तात्पुरती फळी टाकून चौघांनी खुर्ची उचलून नेणं हा कलाकाराचा अपमान आहे, धोका आहे तो वेगळाच. म्हणून आम्ही रंगमंच पडद्यामागे बंद ठेवतो आणि पहिल्या दोन रांगांपुढच्या मोकळ्या जागेत १ फूट उंचीची बैठक बांधतो. १२ फुटी रॅम्पमध्ये काम होतं. १८ मिलिमीटर प्लायवूड, रुंदी ४ फूट, दोन्ही कडांना २ इंचांची पट्टी, वर खरखरीत कार्पेट घट्ट ठोकलेलं. नुसता सनमायका लावला तर चाक घसरतं. खुर्च्या उताराने लावलेल्या सभागृहात ही खालची बैठक मागपर्यंत दिसते. सपाट हॉलमध्ये मात्र आठव्या-नवव्या रांगेनंतर डोकी आड येतात, तिथे २०० च्या वर श्रोते घेऊ नयेत.

दाराची रुंदी ९० सेंटिमीटर हवी, आणि खुर्ची वळवायला दीड मीटरची मोकळी जागा. अपंगांसाठीचं स्वच्छतागृह नकाशात असतं. प्रत्यक्ष दार उघडून पाहावं, कारण पुष्कळदा तिथे झाडू, बादल्या आणि मोडक्या खुर्च्या कोंबलेल्या सापडतात. चावी कोणाकडे असते तेही विचारून ठेवावं. व्हीलचेअरच्या जागा एका कोपऱ्यात एकत्र करू नयेत. वेगवेगळ्या रांगांच्या टोकाची एकेक खुर्ची काढली की माणूस आपल्या घरच्यांशेजारी बसतो.

आता सूर. मिश्र मैफल बिघडते ती बहुतेकदा इथेच. कलाकार ठरताक्षणी आम्ही एक तक्ता करतो: कोण, कोणत्या सुरात, कोणतं वाद्य, कोणता तबला. हिंदुस्थानी गायिका साधारण काळी चारच्या आसपास गाते, म्हणजे पेटीच्या सप्तकातली चौथी काळी पट्टी हा तिचा सा. कर्नाटक गायिका ‘साडेपाच कट्टै’ म्हणते. तेही तेच, म्हणजे पाश्चात्त्य नावाने जी शार्प. कर्नाटक मोजणीत १ कट्टै म्हणजे आपली पांढरी एक, दीड म्हणजे काळी एक, ५ म्हणजे पांढरी पाच, साडेपाच म्हणजे काळी चार. हे आधी कळलं तर दोन गायिकांना तंबोऱ्यांची एकच जोडी पुरते आणि मधला सूर लावण्याचा वेळ वाचतो. फोनवर नुसतं ‘माझा सूर पाच आहे’ असं कोणी सांगितलं तर काळी पाच की पांढरी पाच हे विचारल्याशिवाय फोन ठेवू नये. नाहीतर तालमीत गोंधळ होतो. पांढरी पाच म्हणजे जी आणि काळी पाच म्हणजे ए शार्प, दोघींत तीन अर्धस्वरांचं, म्हणजे लगतच्या तीन पट्ट्यांचं अंतर आहे.

काळी चारला तबला कोणता, हा पुढचा प्रश्न. दोन वाटा आहेत. ढाल्या, म्हणजे खालच्या सुराचा, ६ इंचांच्या आसपास तोंडाचा तबला थेट षड्जात (गायिकेच्या सा मध्ये) मिळवायचा, किंवा लहान तोंडाचा, टिपेचा म्हणजे वरच्या सुराचा तबला काळी एकला घ्यायचा; काळी चारला सा धरला तर काळी एक हा तिचा मध्यम, म्हणजे म. गायिका मालकंस गाणार असेल तर मध्यमातला तबला शोभतो, कारण त्या रागाचा जीवच मध्यमात आहे. तंबोऱ्याची पहिली तारही तेव्हा पंचमाऐवजी (प) मध्यमात असते. पण यमनमध्ये शुद्ध मध्यम नाही. तिथे काळी एकचा तबला प्रत्येक थापेला रागाशी भांडतो. यमनसाठी तोच तबला चढवून पंचमात, म्हणजे काळी दोनला न्यावा, किंवा ढाला तबला घ्यावा. संयोजकाला हे माहीत नसतं आणि तो ‘तबलजी आपला तबला आणतीलच’ म्हणून मोकळा होतो. बाहेरगावचा तबलावादक रेल्वेने एकच जोडी घेऊन उतरतो. म्हणून राग आणि सूर दोन्ही त्याला आठवडाभर आधी कळवायचे, आणि गावातून एक ढाला तबला चुंबळीसकट मागवून ठेवायचा. संगतीला बाई आहे म्हणून ‘हलका तबला द्या’ असं सांगणारे लोक अजून भेटतात. तबल्याचं तोंड सुरावर ठरतं, वाजवणाऱ्यावर नाही.

सरोद, व्हायोलिन आणि चेलो एकत्र येतात तेव्हा गणित बदलतं. सरोद साधारण काळी एकला, म्हणजे सी शार्पला असतो. पाश्चात्त्य वादकाला सी शार्प हा षड्ज नकोसा, कारण त्या सुरात त्याची एकही मोकळी तार कामाची राहत नाही. सूर चढवून पांढरी दोन (डी) घेतली तर व्हायोलिनला आनंद, पण सरोदच्या तारांवर ताण वाढतो, तुटण्याची भीती आणि तरफा, म्हणजे खालच्या आपोआप गुंजणाऱ्या तारा, सगळ्या पुन्हा लावायच्या. त्यापेक्षा अर्धा सूर उतरून पांढरी एक (सी) घ्यावी. चेलोची सर्वांत खालची मोकळी तार सी, पुढची जी: षड्ज आणि पंचम आयते मिळतात. तरफा तेव्हाही लावाव्या लागतातच, पण तार सैल करताना तुटत नाही. राग हंसध्वनी घेतला की सा रे ग प नी सगळे स्वर पांढऱ्या पट्ट्यांवर येतात, आणि कर्नाटक संगीतातून हिंदुस्थानीत आलेला असल्याने दोन्हींकडच्या कलाकारांच्या ओळखीचा. या भागात पेटी ठेवायची असेल तर ती ट्यूनरवर तपासून घ्यावी. पाश्चात्त्य वादक ए स्वर ४४० कंपनांवर लावतात. जुनी पेटी ४३५ वर असली तरी फरक २० सेंट्सचा (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) पडतो आणि लांब धरलेल्या स्वरावर तो कानाला टोचतो. पेटी ऐनवेळी बदलत नाही, तारा बदलतात. तेव्हा पेटी ठेवायचीच तर बाकीच्यांनी तिच्याकडे जावं. आम्ही बहुधा त्या भागात पेटीच ठेवत नाही.

तालाचे सापळे वेगळे. हिंदुस्थानी रूपक ७ मात्रांचा, कर्नाटक रूपकम ६ चा. नाव सारखं म्हणून दोघे होकार देतात आणि तालाच्या पहिल्या फेरीतच, म्हणजे आवर्तनातच, समेला (पहिल्या मात्रेला) एकमेकांकडे पाहतात. ७ मात्राच हव्या असतील तर मृदंगवाल्याला ‘मिश्र चापू’ म्हणावं. आदितालाची दोन आवर्तनं म्हणजे १६, ती तीनतालाशी जुळतात. पाश्चात्त्य वादकांना झपताल लिहून देताना पाच-पाचचे दोन भाग करावेत आणि समेवर ठळक खूण करावी. खरी अडचण मोजण्याची नसते, विस्ताराची असते. सरोदवादक आज किती आवर्तनं आलाप-ताना करेल हे त्यालाच माहीत नाही, आणि समोरचा पाश्चात्त्य वादक तर विरामही मोजून घेणारा. म्हणून कागदावर आवर्तनांची संख्या लिहायची नाही. ‘मुखडा (बंदिशीची सुरुवातीची ओळ) दोनदा आला की तुम्ही’ असं लिहायचं. तिहाई, म्हणजे तीनदा वाजवून समेवर येणारा तुकडा, मात्र पूर्ण लिहून द्यावी. आणि विलंबित, म्हणजे अतिसंथ एकतालात कोणालाही मोजायला लावू नये, तो छळ आहे.

अंध कलाकाराला हे सगळं कागदावर पाठवून उपयोग नाही. त्याच्यासाठी प्रत्येक भागाचं वेगळं ध्वनिमुद्रण करतो: एक संथ लयीत, समेवर टाळी दिलेलं, आणि एक पूर्ण. बैठकीवर तो हात-खुणा पाहणार नाही, म्हणून इशारे आवाजाचे किंवा स्पर्शाचे ठरवायचे. वेळ संपत आल्याचा लाल दिवा निरुपयोगी. मागे तंबोऱ्यावर बसलेल्याने खांद्याला हलका स्पर्श करावा, आणि तो कोणत्या खांद्याला हे तालमीतच ठरवावं. बैठकीच्या कडेपासून ९ इंच आत सुतळी टाकून वर रुंद चिकटपट्टी लावली की पायाला कड कळते. ग्रीन रूमपासून बैठकीपर्यंत त्याला एकदा रिकाम्या सभागृहात चालवून आणायचं आणि नंतर त्या वाटेवर केबल, कूलर, पाहुण्यांच्या खुर्च्या काहीही आणायचं नाही.

ज्याला मांडी घालून बसता येत नाही अशा कलाकारासाठी खुर्ची ठेवली जाते, पण बाकीचे खालीच बसतात. मग तो एकटा उंचावर दिसतो, तबल्याचा आवाज त्याला खालून येतो आणि नजरानजर होत नाही. सगळ्यांनाच १६ ते १८ इंच उंचीच्या आसनांवर घ्यावं, तबल्याला स्टँड द्यावा, तंबोरे स्टुलावरून छेडावेत. पहिल्या दहा मिनिटांत श्रोत्यांना ते विचित्र वाटतं, नंतर कोणाच्या लक्षातही राहत नाही.

हवामानाला नागपुरात वेगळा वेळ द्यावाच लागतो. पावसाळ्यात चामडं सैल पडून तबला उतरतो, हिवाळ्याच्या कोरड्या हवेत चढतो. तारांचं कारण वेगळं: थंडीत पोलाद आकसून सूर चढतो, दिव्यांच्या उष्णतेत उतरतो. सकाळी १० अंशांत बाहेरून आलेलं वाद्य थेट दिव्याखाली नेलं तर अर्ध्या तासात तबला एकीकडे आणि तंबोरा दुसरीकडे. आमचा नियम असा: वाद्यं किमान दीड तास आधी सभागृहात, गवसणी काढून, कार्यक्रमाला असतील तेच दिवे आणि तोच एसी चालू ठेवून. एसीचा झोत बैठकीवर येत असेल तर त्या जाळीला पुठ्ठा लावायला सांगावं. वाद्याच्या तोंडाला लावायला पखवाज असेल तर कणीक, मृदंग असेल तर रवा, आणि पाण्याची वाटी व ओलं फडकं विंगेत हवं. हे कोणीतरी आणेल असं गृहीत धरलं की सभागृहाच्या कँटीनमध्ये पीठ मागत फिरावं लागतं.

ध्वनिव्यवस्थेवाल्याला कार्यक्रमाआधी भेटावं. बहुतेकांचा सराव ऑर्केस्ट्रा आणि लग्नांचा, त्यामुळे इको आपोआप चालू होतो. आम्ही ते बटण शून्यावर नेऊन वर कागदी पट्टी चिकटवतो. गायकाचा माईक ६ ते ८ इंचांवर, तबला-डग्ग्याला वेगवेगळे दोन, तंबोऱ्याला एक. चेलोला कंडेन्सर माईक घोडीकडे तोंड करून दीड फुटावर. जवळ नेला तर गजाची खरखर तेवढी ऐकू येते. मॉनिटरबद्दल, म्हणजे कलाकाराकडे तोंड केलेल्या स्पीकरबद्दल, दोन्हींकडच्या सवयी अगदी उलट. ख्याल गाणारीला समोरून तंबोरा भरपूर हवा, पाश्चात्त्य वादकाला तो जवळजवळ नको. म्हणून दोन स्वतंत्र मॉनिटर लागतात, एकावर भागवलं तर दोघेही नाराज. घुमणारा आवाज सहसा २०० ते ३०० हर्ट्झच्या पट्ट्यात असतो, डग्गा आणि तंबोरा तिथेच भरतात. सगळा आवाज कमी करण्याऐवजी तेवढाच पट्टा उतरवावा.

श्रोत्यांसाठीची पत्रिका मराठी आणि हिंदीत, १८ पॉइंट अक्षरांत, रंगीत पार्श्वभूमीशिवाय. ब्रज बंदिशीचा आणि तेलुगू कृतीचा अर्थ त्यात चार ओळींत देतो. ब्रेल प्रती हव्या असतील तर मजकूर आधी पक्का करावा, कारण छापील एका पानाची ब्रेलमध्ये दोन-तीन पानं होतात आणि ऐनवेळी राग बदलला तर सगळं वाया. सांकेतिक भाषेचे दुभाषी दोन घ्यावेत, ते साधारण २० मिनिटांनी एकमेकांना विश्रांती देतात. त्यांच्यावर स्वतंत्र दिवा हवा. निवेदन संपताच सगळे दिवे मंद करण्याची सवय असलेला प्रकाशवाला त्यांना अंधारात लोटतो. आलापाच्या वेळी त्यांनी हात हलवत राहण्याची गरज नाही, शब्द आणि निवेदन पोहोचलं की पुरे. बाकीचं कंपनांवर सोपवावं: ८ बाय ४ फुटांच्या प्लायवूडवर खुर्च्या ठेवून त्याला टेकवून बास स्पीकर ठेवला की डग्गा आणि चेलो पायातून कळतात. अर्धवट फुगवलेला फुगा बोटांत धरला तर तळहातापर्यंत येतात. फक्त ही जागा स्वमग्न मुलांच्या जागेपासून लांब ठेवावी. फुगा फुटला तर त्या मुलाची मैफल तिथेच संपते.

त्या मुलांसाठी दिवे पूर्ण घालवत नाही, दार बंद करत नाही, बाहेर एक शांत खोली असते आणि पहिला भाग ४५ मिनिटांपुरताच. तबला-मृदंगाचा सवालजवाब शेवटच्या भागात घेतो आणि तो येण्याआधी निवेदनात सांगतो. काही जाणकारांना मुलांच्या हालचालींचा त्रास होतो. त्यांना आम्ही मागच्या रांगा सुचवतो.

पैशांचं शेवटी लिहिलं असलं तरी ठरवायचं आधी. मुख्य कलाकाराचं मानधन ठरवून उरेल ते साथीदारांत वाटायचं, ही रीत आम्ही मोडली. तबला, पेटी, मृदंग यांच्याशी वेगळं बोलणं, वेगळा लेखी आकडा. तंबोऱ्यावरच्या विद्यार्थ्यांनाही पाकीट, दुभाष्यांनाही. तिकीट ५०० रुपयांपर्यंत असेल तर प्रवेशावर जीएसटी लागत नाही, आणि शास्त्रीय कलाकाराला एका कार्यक्रमाच्या दीड लाखापर्यंतच्या मानधनावर सूट आहे. व्हीलचेअरवरच्या श्रोत्याच्या मदतनीसाला तिकीट नाही. मानधन ठरावीक मर्यादेच्या वर गेलं तर १० टक्के टीडीएस कापावा लागतो. हे आधी न सांगता कमी रक्कम हाती दिली की कलाकाराला फसवल्यासारखं वाटतं. पॅन क्रमांक निमंत्रणाच्या पत्रातच मागावा, रक्कम त्याच दिवशी खात्यात जमा करावी, आणि कापलेल्या कराचं प्रमाणपत्र मागायची वेळ येऊ न देता पाठवावं.